डोक्यावरच्या सात फियाट

ती. काका,
सादर नमस्कार.

तुमचे आभार असे चारचौघांत मानलेले तुम्हाला आवडणार नाहीत, ठाऊक आहे. पण ठाण्याच्या नौपाड्यात अजून थोडे जुने बंगले उरलेत, आणि गॅरेजच्या गच्चीवर डेक करायची हौस काही आम्हालाच आलेली नसणार.

गुडघ्यांमुळे आईला वरच्या गच्चीचा जिना जमेनासा झाला. तिच्या खोलीची खिडकी नेमकी गॅरेजच्या सपाट स्लॅबवर उघडते. खिडकीचं दार केलं, बाहेर टाइल्स टाकल्या, की तिच्या शतपावलीची सोय झाली, असा आमचा सोपा हिशेब. कंत्राटदार तर एका पायावर तयार होता. आहे त्या कोब्यावर (गळती थांबवायला घातलेला वीटतुकडे-सिमेंटचा थर) आणखी एक कोबा, वर टाइल्स, आठ दिवसांत काम खलास. कचराळी तलावावर फिरताना तुमच्या कानावर हे घातलं, तर तुम्ही एवढंच विचारलंत, "आत्ता कोबा किती इंच आहे?"

आम्हाला काय माहीत! दुसऱ्या दिवशी तुम्हीच आलात, कोपऱ्यात छिन्नीने भोक पाडून पट्टी घातलीत. आठ इंच. गळलं की कोबा, पुन्हा गळलं की त्याच्या डोक्यावर पुन्हा कोबा, असं पन्नासेक वर्षं चाललेलं. विजेच्या बिलामागे तुम्ही आकडे मांडलेत: चौरस मीटरला साधारण ४०० किलो, गॅरेज १० बाय १८ फूट, म्हणजे साडेसहा टनांच्या वर. "आजोबांनी गॅरेज एका फियाटसाठी बांधलं. तुम्ही त्याच्या डोक्यावर सात उभ्या केल्यात!"

वर माणसांची ये-जा नसेल तर सपाट छपरासाठी चौरस मीटरला ७५ किलो भार धरतात, ये-जा असेल तर किमान १५० किलो, हे आयएस ८७५ मधलं, म्हणजे इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकातलं, गणित तेव्हा पहिल्यांदा कळलं. माणसांना बसवायचं तर आधी कोब्याला उठवा, असं तुम्ही म्हणालात. मग स्लॅबच्या पोटाला हातोडीने टकटक करत फिरलात. तीन ठिकाणी पोकळ वाजलं, आत सळया गंजलेल्या.

फोडलेल्या कोब्याचा तो रॅबिट टेम्पोत भरताना (किती खेपा झाल्या ते विचारू नका) मी मनातल्या मनात तुम्हाला थोड्या शिव्या दिल्या. क्षमा असावी. सळया घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने दुरुस्त केल्या. पातळ थर देऊन उतार काढला, अठरा फुटांत दोन इंच. मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पडदा, कठड्यावर वळवून घेतली. मग ७२ तास पाणी तुंबवून ठेवलं. कंत्राटदार "एक रात्र पुरे" म्हणत होता, तुम्ही मात्र रोज सकाळी येऊन खालून छताला हात लावून बघत होतात.

डेकच्या फळ्या उंची कमी-जास्त होणाऱ्या पायांवर, म्हणजे पेडेस्टलवर, नुसत्या टेकवल्यात. स्लॅबमध्ये एकही स्क्रू नाही. खाली उतार, वर सपाट, पाणी फटींतून निघून जातं. पाइपाच्या तोंडावरची फळी सुटी ठेवायची युक्ती तुमचीच. पाचोळा काढायला मी दर रविवारी ती उचलतो. आणि रेलिंगची उंची स्लॅबपासून नव्हे, डेकपासून मोजायची, हे तर आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं. डेक वर आला तेवढा कठडा आखूड झाला होता की!

फीचं विचारलं तर चिडलात. "मी निवृत्त आहे. परवानगीच्या कागदांवर सही लायसन्सवाल्या इंजिनिअरची घ्या, आणि त्याची फी बुडवू नका," म्हणालात. बुडवली नाही, काका.

जुलैत सलग चार दिवस कोसळला, तेव्हा मीही सवयीने छताला हात लावून पाहिला. कोरडं. आई डेकवर रोज पन्नास फेऱ्या मारते, मोजून.

तुमची हातोडी आमच्याकडेच राहिली आहे. मी आणून देणार होतो, पण आई नको म्हणते. तिला तुम्हाला वर बोलवायचं आहे.

आपला,
घंटाळीचा शेजारी