मेंदूतलं कॅल्शियम चमच्याने पाजून वाढत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लहान मुलांच्या मेंदूवर कुठे काही छापून आलं आणि त्यात कॅल्शियम हा शब्द दिसला, की घरोघरी लगेच विचारणा सुरू होते, मग बाळाला सिरप द्यायचं का? कमतरता असेल तर डॉक्टर देतीलच, ते वेगळं, पण मेंदूत कॅल्शियम निरोप्याचं काम करतं, आणि रक्तातली पातळी शरीर स्वतःच धरून ठेवतं, त्यामुळे जास्तीचा चमचा पाजून निरोप काही वाढत नाही.

मेंदूच्या पेशीच्या आत कॅल्शियम अगदी नावापुरतं असतं, बाहेर मात्र सुमारे 10 हजार पट. आत यायचं एक मोठं दार म्हणजे एनएमडीए रिसेप्टर, आणि त्यात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं. शेजारच्या पेशीने ग्लुटामेट, म्हणजे पेशी-पेशींत संदेश नेणारं रसायन, सोडलं आणि नेमकी त्याच वेळी ही पेशीही जागी असली तरच बूच निघतं, कॅल्शियम आत घुसतं. एकदम भरपूर आलं तर त्या दोघींमधला जोड घट्ट होतो, थोडं थोडं बराच वेळ येत राहिलं तर तोच जोड सैल पडतो. एकाच कॅल्शियमकडून दोन उलटी कामं, मला तर हे वाचून थक्क व्हायला झालं!

बाळाच्या मेंदूत सुरुवातीला बरेच जोड मुकेच असतात, म्हणजे एनएमडीएचं दार आहे पण रोजचा संदेश घेणारे एएमपीए रिसेप्टर अजून बसलेले नाहीत, ते वापर होईल तसे बसतात.

आणि वापरच झाला नाही तर? ह्युबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला, नंतर उघडला तेव्हा मेंदूतल्या बहुतेक पेशी त्या डोळ्याला दादच देईनात, मोठ्या मांजरांत मात्र असं झालं नाही. डोळ्यांकडून आलेली माहिती मेंदू कशी हाताळतो, या शोधांसाठी त्यांना 1981 चं नोबेल मिळालं. पुढे 1987 मध्ये पिल्लांच्या मेंदूत एनएमडीएचं दार औषधाने बंद करून पाहिलं, तर एक डोळा झाकूनही हा बदल झालाच नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती, बाळाच्या मेंदूबद्दल छापताना टॉनिकपेक्षा डोळे-कान तपासण्यावर लिहा. जन्मजात दाट मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन साधारण पहिल्या 6 ते 8 आठवड्यांत व्हावं लागतं, आणि 'जरा मोठं होऊ दे, मग बघू' म्हणण्यात नेमके तेच आठवडे निघून जातात.

आपला एक वाचक