फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात हैतीला जागा द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. नवी पाठ्यपुस्तके तयार होताना फ्रेंच राज्यक्रांतीला जोडून हैतीच्या गुलामांचे बंड सविस्तर यावे, ही माझी मागणी आहे.

१७८९ मध्ये पॅरिसला मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला, तेव्हा कॅरिबियन समुद्रातल्या सेंट डोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, सुमारे पाच लाख गुलाम साखर-कॉफीच्या मळ्यांत राबत होते. जाहीरनाम्याने त्यांची बेडी तुटली नाही. २२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री उत्तरेकडचे गुलाम उठले, त्यांनी उसाचे फड पेटवले. दोन वर्षांत तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्यांवर मुक्ती जाहीर करण्याची वेळ आली. पॅरिसने गुलामगिरी रद्द केली ती त्यानंतर, ४ फेब्रुवारी १७९४ रोजी. आधी बंड, मग कायदा. हा क्रम मुलांना समजलाच पाहिजे.

स्वतः गुलामीत जन्मलेला तूसाँ लूव्हेर्त्यूर या लढ्याचा सेनापती झाला. नेपोलियनच्या सैन्याने १८०२ मध्ये त्याला बोलणीच्या बहाण्याने बोलावून पकडले. पुढच्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या एका थंडगार डोंगरी किल्ल्यात कैदेतच तो गेला. पण गुलामी परत येणार हे उमगलेले लोक मागे हटले नाहीत. नोव्हेंबर १८०३ मध्ये तिथल्याच व्हेर्तिएरच्या लढाईत त्यांनी फ्रेंचांना हरवले आणि १ जानेवारी १८०४ ला तूसाँचा सहकारी सेनानी देसालिन याने हैतीचे स्वातंत्र्य जाहीर केले. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून या देशाकडे १५ कोटी फ्रँक मागितले, तेही जुन्या मळेमालकांची भरपाई म्हणून! पुढे रक्कम कमी झाली, पण ती फेडायला काढलेल्या कर्जाने हैती पिढ्यान्‌पिढ्या पिळला गेला.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. गुलामीच्या प्रश्नावर अमेरिकेत पेटलेल्या यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेकडच्या राज्यांच्या बाजूने सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले, त्यांतले पुष्कळ जण मळ्यांतून पळून आलेले गुलाम होते. अर्पणपत्रिका शिकवताना मला त्यांच्याविषयीही सांगायचे असते. पुस्तकात त्यांना जागा हवी.

धडा चौकटीतल्या चार ओळींचा नको. बोर्डाच्या पेपरात ज्यावर प्रश्न येत नाही, ते जूनपासूनच मागे पडते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. म्हणून त्यावर गुणही ठेवावेत. पाठ्यपुस्तक मंडळाला तसे लेखी कळवावे, ही विनंती.

आपली,
एक इतिहास शिक्षिका