मामा, हात अजून थोडा सैलच आहे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून तुम्ही वैतागणार, याची मला खात्री आहे. मागच्या महिन्यात "शाल-नारळ घेऊन येऊ का?" म्हटलं, तर "मी काय परत रिटायर हुतोय काय?" म्हणून फोन ठेवलात. म्हणून आता चारचौघांत लिहिते. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते की मामा आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये होते. प्राध्यापक नव्हे. ब्युरेट धुणारे, द्रावणं करून ठेवणारे, आणि कुणाचं वाचन खरं नि कुणाचं शेजारणीच्या जर्नलमधून उचललेलं, हे लांबून ओळखणारे मामा. माझं टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून रंग बदलताच थांबणं, कधीच जमलं नाही. फिकट गुलाबी यायला हवं तिथं माझ्या फ्लास्कात कोकम सरबत. "पोरी, हात सैल हाय तुझा," हे मी तीन वर्षं ऐकलं.

त्याच पोरीनं बारा वर्षांनी शाहूपुरीतल्या घरात, हॉलच्या कोपऱ्यात समुद्र मांडला. ३६ बाय १८ बाय १८ इंचांची काचेची टाकी, खारं पाणी, वाळू, दगड, दोन क्लाऊनफिश आणि प्रवाळाचे सहा तुकडे. आईचं म्हणणं, रंकाळा भरलेला असताना मासे घरात कशाला.

एप्रिलमधल्या त्या रात्रीचं तुम्हाला माहीत आहे, पण लोकांना सांगायला हवं. पाणी तपासायच्या किटनं क्षारता ६ अंश दाखवली. १० असली की प्रवाळ जोमानं वाढतं, असं कुठंतरी वाचलं होतं. प्रवाळ आपला सांगाडा चुनखडीचा बांधतं; त्याला पाण्यातून कॅल्शियम लागतं आणि कार्बोनेट लागतं. क्षारता म्हणजे या दुसऱ्या मालाची शिल्लक. शिल्लक कमी, तर भरा, एवढाच माझा हिशेब. पाच चमचे खायचा सोडा कालवला आणि ओतला. सकाळी फांद्यांची टोकं पांढरी, हीटरवर पांढरा थर, पंप घरघरतोय.

तुम्ही मंगळवार पेठेतून स्कूटरवर आलात. पहिला प्रश्न टाकीबद्दल नव्हताच. "हे कुठनं आणलंस? मालवणच्या दर्यातनं उचललेलं असंल तर मी चाललो." आपल्या समुद्रातलं खडक बांधणारं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या पंगतीला, पहिल्या अनुसूचीत आहे, हे घरात समुद्र मांडणाऱ्या मला माहीत असायला हवं होतं. टाकीतच वाढवलेल्या तुकड्यांचे कागद दाखवले, तेव्हा कुठं चपला काढल्यात.

मग विचारलंत, पाणी किती? मी म्हटलं, दुकानदार दोनशे लिटर म्हणाला. तुम्ही टेप मागितलात. बाहेरून मापूनसुद्धा १९१ लिटर भरले. काचेची जाडी, वरची मोकळी जागा, दगड-वाळू वजा केल्यावर उरले १५०. शंभर लिटरला ३ ग्रॅम सोडा घातला की क्षारता एका अंशानं चढते. म्हणजे मला अंशामागं साडेचार ग्रॅम पुरत होते, मी सहा धरले. चुकीच्या लिटरांवर बरोबर गणित! हीटरवरच्या थरावर तुम्ही व्हिनेगरचा थेंब सोडलात, तो फसफसला. "ही बघ तुझी क्षारता. प्रवाळावर बसायची ती हीटरवर बसली."

मला वाटलं होतं, तुम्ही काहीतरी उतारा द्याल. तुम्ही काहीच घातलं नाहीत, मलाही घालू दिलं नाहीत. "आठ दिवस फकस्त मोजायचं." मी म्हटलं, अहो, पण आकडा? "आकड्याच्या मागं पळू नको. तू पळतीस म्हणून त्यो पळतोय." साडेसात असली तरी चालेल, नऊ असली तरी चालेल, आज साडेसात आणि उद्या नऊ, हे त्या जिवांना चालत नाही. मामा, आभार मानायचे ते मुख्यतः त्या आठ दिवसांचे. हातात सोड्याचा डबा असताना गप्प बसणं मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या सकाळी क्षारता १०.९ होती. रोज सकाळी नऊला, तेच किट, मागं पांढरा कागद, आणि थेंब पाडताना बाटली उभीच, कारण तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. आठ दिवसांनी ७ भरली. तुम्ही वहीवर बोट ठेवून म्हणालात, तुझी टाकी दिवसाला अर्धा अंश खाती. तेवढंच तिला वाढायचं, रोज, ताटात जास्त नाही.

वाढायला तुम्ही सुचवलंत काय, तर चुन्याची निवळी. शाळेत नळीनं फुंकून दुधाळ करायचो तीच. तिच्यातून कॅल्शियम आणि क्षारता दोन्ही प्रवाळ खातं त्याच प्रमाणात मिळतात, शिवाय रात्री दिवे बंद झाल्यावर पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो, तोही ती सावरते. पानपट्टीतला चुना मात्र तुम्ही हातानं बाजूला सारलात. प्रयोगशाळेतलाच हवा, कारण त्यात काय आहे ते बाटलीवर लिहिलेलं असतं. लिटरला दीड ग्रॅमच्या आसपासच विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो, वरचं नितळ तेवढं घ्यायचं. सीपीआर रुग्णालयासमोरच्या मेडिकलमधून सलाईनची नळी आणलीत. आमच्या हॉलमध्ये खिळ्याला सलाईन लटकलेली पाहून शेजारच्या काकू आईची चौकशी करून गेल्या. रात्रभर थेंब थेंब, साधारण पाऊण लिटर. सैल हाताला चाकोरी घातलीत ती अशी.

उन्हाळ्यात टाकीतून दिवसाला तीन लिटर पाणी उडतं, आणि मी त्याच्या जागी खारं पाणी भरत होते. "मीठ उडत नाही गं," एवढंच म्हणालात आणि काचेवर चिकटपट्टी लावलीत. आता पट्टीपर्यंत गोडंच पाणी भरते. घरातल्या आरओत कच्चं पाणी मिसळणारा स्क्रू असतो, तोही तुम्हीच बंद केलात. आणि २०१९च्या महापुरात उपसा केंद्रं बुडून नळ कोरडे पडले होते, ते तुम्ही विसरला नव्हता. म्हणून पावसाळ्यात दोन कॅन भरलेलेच असतात.

सहापैकी दोन तुकडे गेले. चार जगले, त्यातल्या एकाला नवी जांभळी टोकं फुटलीत.

एक राहिलं. गेल्या खेपेला वही चाळताना थांबलात आणि विचारलंत, "ही बारा तारीख कुणाच्या जर्नलमधली?" मी हसण्यावारी नेलं. त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला होता, आदल्या दिवसाचाच आकडा उतरवला होता, आणि तेराच्याच पेनानं. तुम्ही पुढं काही बोलला नाहीत, चहा घेतलात, गेलात.

बारा तारीख मी खोडलेली नाही. तिच्यापुढं लाल पेनानं "मोजलं नाही" असं लिहिलंय. आज सकाळी नऊचं वाचन: खारटपणा ३५, क्षारता ७.९, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०. मोजलंय. रविवारी या, कोरा चहा ठेवते.

तुमची,
मागच्या बाकावरची,
शाहूपुरी, कोल्हापूर