इंजिन उतरवायच्या आधी कॉम्प्रेशन तर बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की परभणी, जालना, बीड, कुठंही बघा, गॅरेजसमोर बोनेट उघडून गाड्या उभ्या असतात आणि मालकाला पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते हेच की इंजिन उतरवावं लागतंय. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला शिकवायचो, आता रिटायर झालोय, पण ओळखीचे लोक अजून फोन करतात, सर काय करू, हौ म्हणू का थांबू. हा निर्णय लोक घाबरून घ्यायलेत, मोजून कोणीच घेईना, म्हणून हे पत्र.

आधी धूर नीट बघा. पांढरा दाट धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगवर, जातो. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर आला आणि मग बंद झाला तर बहुतेक वाल्व सील गेलेत, ते काम इंजिन गाडीत ठेवूनच होतं. गाडी ओढताना सारखाच निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगचा विचार करा, पण डिझेल गाडी असेल तर आधी टर्बो तपासा, टर्बोचं सील गेलं तरी धूर निळाच येतो आणि नाव इंजिनाचं खराब होतं. काळा धूर असेल तर एअर फिल्टर, इंजेक्टर बघा की, त्याच्यासाठी इंजिन कशाला खाली घेता!

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा. पेट्रोल गाडीचे सगळे प्लग काढायचे, इंजिन गरम पाहिजे, बॅटरी फुल पाहिजे, अॅक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि प्लगच्या जागी गेज लावून एकेका सिलिंडरचं रीडिंग कागदावर लिहायचं. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना 150 ते 200 पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास येतं, पण आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, 10-15 टक्क्यांच्या वर गेला की गडबड आहे. जो सिलिंडर कमी दाखवतो त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत सेल्फ मारा. काटा चढला तर रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत, तिथंच राहिला तर वाल्व किंवा गॅस्केट, म्हणजे वरचं काम. डिझेल गाडीत ऑइल टाकायच्या भानगडीत पडू नका.

माझ्या शेजाऱ्याची गाडी गंगाखेड रोडला गरम होऊन बंद पडली. एका गॅरेजवाल्यानं ना टेस्ट केली ना काही, डायरेक्ट 80 हजाराचा आकडा सांगितला, इंजिन खाली घेणार म्हणे. दुसऱ्या मिस्त्रीनं हेड खोललं, त्यावर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघितला, छोट्या गाड्यांना साधारण 0.05 मिलिमीटरच्या वर वाकलेलं चालत नाही, याचं जास्त होतं. हेड मशीनवर फेस (सपाट) करून आणलं, नवीन गॅस्केट, नवीन बोल्ट, गाडी चालू. ब्लॉकला हात लावायचं कामच पडलं नाही. असा मिस्त्री पण आपल्याच गावात असतो, फक्त लोक त्याच्याकडं जात नाहीत कारण तो लगेच आकडा सांगत नाही.

इंजिन कधी उतरवायचंच? खालून टकटक यायली, इंजिन तापल्यावर आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लागतोय, किंवा बोअरला रेघा पडल्यात, तर मग मागंपुढं बघू नका आणि तशी गाडी चालवू पण नका. क्रँक घासायला, बोअर 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज (मोठा) करायला ब्लॉक मशीनवर न्यावाच लागतो. आणि खाली घेतलंच तर क्लच प्लेट, मागचं ऑइल सील, वॉटर पंप, माउंटिंग तेव्हाच बघून घ्या, नाहीतर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागती. गाडीला 15 वर्षं होत आली असतील तर पासिंगचा खर्च पण धरा, रिन्यूअल पुढं 5 वर्षांचंच मिळतं. भंगारातलं दुसरं इंजिन बसवून देतो म्हणणाऱ्याला आधी कागदपत्र मागा, आरसीवर इंजिन नंबर असतो, तो आरटीओत बदलून घेतला नाही तर पुढं विक्रीला आणि इन्शुरन्सला अडतं.

आणि हे सगळं सुरू कुठून होतं तर रेडिएटरमधून. आपल्याकडं बोअरवेलचं पाणी जड, तेच बाटलीनं ओतायचं, मग गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर आतल्या नळ्यांमध्ये बसतो, पाणी फिरत नाही आणि मे महिन्यात 42-43 डिग्रीला हेड वाकतं. कूलंट आणि डिस्टिल वॉटर याला जेवढे पैसे लागतात ते गॅस्केटच्या कामापुढं काहीच नाहीत.

माझी मागणी एवढीच की गॅरेजवाल्यांनी एस्टिमेटवर कॉम्प्रेशनचं रीडिंग लिहून द्यावं आणि काढलेले जुने पार्ट मालकाला दाखवावेत. आणि आपल्या भागातल्या आयटीआयनी आठवड्यातून एक दिवस लोकांच्या गाड्यांचं कॉम्प्रेशन माफक फीमध्ये तपासून द्यावं, पोरांना खऱ्या गाडीवर हात बसेल. प्राचार्य मंडळींनी याचा विचार करावा, शिकवायला यायची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, परभणी