'स्टँड बाय मी' हे गीत बेन ई. किंग यांचे

महोदय,

आपल्या दैनिकाच्या सांगली आवृत्तीत गेल्या आठवड्यात एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचे वृत्त आले होते. विद्यार्थ्यांनी कार्यक्रमाची सांगता 'जॉन लेनन यांच्या स्टँड बाय मी या गीताने' केली, असे त्यात म्हटले आहे. 'बीटल्स' या ब्रिटिश संचामुळे गाजलेल्या लेनन यांनी हे गाणे १९७५ मध्ये आपल्या तबकडीत घेतले हे खरे. पण त्याच्या चौदा वर्षे आधी, १९६१ मध्ये, ते बेन ई. किंग या कृष्णवर्णीय गायकाच्या आवाजात अमेरिकेत घरोघरी पोहोचले होते, आणि ते रचण्यातही किंग यांचा वाटा होता.

किंग यांचा जन्म १९३८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाला आणि ते लहानपणीच न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले. तेथील तरुण त्या काळी चार-पाच जणांचा मेळ जमवून, हाताशी वाद्य नसले तरी तोंडानेच ठेका आणि साथ धरून गात असत. याच गायकीला पुढे डू-वॉप हे नाव पडले. 'फाइव्ह क्राउन्स' या अशाच एका मेळात किंग गात होते. १९५८ मध्ये 'ड्रिफ्टर्स' या नामांकित संचाच्या व्यवस्थापकाने जुने गायक एकदम काढून टाकले आणि या मुलांना तेच नाव देऊन उभे केले. संचाचे नाव व्यवस्थापकाच्या मालकीचे आणि गाणारे पगारी, असा तो कारभार होता. वाढीव मोबदला मागूनही मिळाला नाही, तेव्हा १९६० मध्ये किंग बाहेर पडले.

त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. रचनेत किंग यांच्यासोबत जेरी लीबर आणि माइक स्टोलर होते. ज्या खर्जातल्या स्वरावलीवरून आपण पहिल्या दोन क्षणांत गाणे ओळखतो, ती स्टोलर यांची. तेच चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरगट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरत राहतात, आणि त्या स्थिर जमिनीवर किंग यांचा आवाज कडव्यागणिक चढत जातो.

मात्र या गाण्याचे मूळ याहून जुने आहे. ते कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे माझे मुख्य कारणही तेच आहे. फिलाडेल्फियाचे धर्मोपदेशक चार्ल्स अल्बर्ट टिंडली हे गुलामगिरीत जगलेल्या पित्याचे पुत्र होते. आयुष्यात वादळ उठेल तेव्हा तू माझ्याजवळ उभा राहा, अशी देवाची विनवणी करणारे याच नावाचे भजन त्यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केले. (आपल्या शाळांत 'होंगे कामयाब' म्हणून गायल्या जाणाऱ्या गीताचा उगमही अनेक अभ्यासक टिंडली यांच्याच दुसऱ्या एका भजनापर्यंत नेतात.) पुढे 'सोल स्टिरर्स' या भजनी मेळाने सॅम कुक आणि जे. डब्ल्यू. अलेक्झांडर यांचे 'स्टँड बाय मी फादर' गायले. डोंगर समुद्रात कोसळले तरी भय नाही, ही किंग यांच्या गाण्यातली कल्पना तर बायबलच्या ४६ व्या स्तोत्रातली आहे. किंग यांनी देवाला उद्देशून असलेली ही हाक प्रिय माणसाकडे वळवली, तरी तिच्यातला प्रार्थनेचा सूर गेला नाही. देवाला सांगाती म्हणणारी तुकोबांची वाणी ज्यांच्या कानात आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. असे गाणे केवळ 'लेनन यांचे' म्हटले, की एका पीडित समाजाची साठ-सत्तर वर्षांची उपासना एका शब्दात पुसली जाते.

अमेरिकेतील रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या यादीत हे गाणे पहिल्या आणि सर्वसाधारण यादीत चौथ्या क्रमांकावर गेले. १९८६ मध्ये याच नावाच्या चित्रपटामुळे ते पुन्हा गाजले आणि तेव्हापासून अनेकजण त्याला चित्रपटगीतच समजतात.

लावणीकार शाहीर पठ्ठे बापूराव आपल्याच जिल्ह्यातील रेठरे हरणाक्षचे. लावणीच्या अखेरच्या कडव्यात कवनकाराची नाममुद्रा असते, त्यामुळे गाणाऱ्याने मनात आणले तरी त्याला ते नाव सहजी गाळता येत नाही. 'स्टँड बाय मी'मध्ये तशी सोय नाही. शिवाय पहिल्या तबकडीवर किंग यांच्या नावाशेजारी लीबर आणि स्टोलर यांनी 'एल्मो ग्लिक' असे टोपणनाव घातले होते, त्यामुळे रचनाकारांची खरी नावे सांगण्याची जबाबदारी निवेदकावर आणि वार्ताहरावर अधिकच येते. विद्यार्थ्यांनी हे गाणे निवडले याचा मला आनंद आहे आणि त्यांना दोष देण्याचा हेतू नाही. आपण या वृत्ताची दुरुस्ती छापावी आणि तीत बेन ई. किंग, जेरी लीबर आणि माइक स्टोलर ही तिन्ही नावे द्यावीत, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली