ताडपत्री टाकणाऱ्यांचे आभार

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात आपल्या गावच्या सामायिक वर्कशॉपचं एक टिनपत्र उडालं. सकाळी मी कुलूप उघडलं तर फरशीवर घोटाभर पाणी. पण वेल्डिंग मशीन टेबलावर उचलून ठेवलेलं, वर ताडपत्री, चारही कोपरे सुतळीनं बांधलेले. मेन स्विचही बंद. चावी चौघांकडे असते, चौघेही म्हणतात, "मी नव्हतो गा."

जे कोणी होतात, मनापासून आभार.

वर्गणी भरून सभासद होणं सोपं आहे. काम संपल्यावर ग्राइंडर जाग्यावर टांगणं, लोखंडाचा कीस झाडणं, गार्ड न काढणं, काळा चष्मा पुढच्यासाठी पुसून ठेवणं, हे रोज पाळावं लागतं. तुमच्यापैकी कितीतरी जण ते न सांगता पाळतात. परवा वहीत एक ओळ दिसली: "आठ एमएमचा ड्रिल बिट माझ्या हातून तुटला. नवा आणून ठेवला." खाली सही नाही. ती ओळ मी दोनदा वाचली.

१९३४ साली आपल्याच वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला. गावाची अवजारं गावातच घडावीत, दुरुस्त व्हावीत, हा विचार या मातीत जुनाच आहे.

आणि डवरणीच्या (पिकातलं तण काढायच्या) घाईत आपला नंबर सोडून शेजारच्या कास्तकाराच्या डवऱ्याची पास (लोखंडी पातं) आधी वेल्ड करू देणारे दादा, तुमचेही आभार. त्यांचं डवरण वेळेत झालं.

ताडपत्री वाळवून, घडी घालून रॅकवर ठेवली आहे. ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी.