बंद पडलेल्या फ्रीझरचं तापमान ३७ तास तुमचं अ‍ॅप उणे १८.४ दाखवत होतं: तक्रार आणि नुकसानभरपाईबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

नमस्कार,

आधी तीनदा फोन केला, दोनदा अ‍ॅपमधून तक्रार टाकली, दोन्ही वेळा "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज आला आणि विषय बंद. म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहून राहिली आहे. कृपया पूर्ण वाचा, तुमच्या माणसांनी आतापर्यंत प्रत्येक वेळी अर्धंच ऐकलं.

मी नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहते आणि घरूनच संत्रा बर्फी आणि फ्रोझन सांबारवडीच्या ऑर्डर घेते. (तुमचं ऑफिस बाहेरचं आहे म्हणून सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) मृग बहाराचा संत्रा फेब्रुवारी-मार्चमध्ये कळमन्याच्या बाजारात येतो, तेव्हाच पुढच्या महिन्यांचा पल्प काढून ठेवावा लागतो कारण मे महिन्यात तसा संत्रा मिळत नाही. यावर्षी मी आणि सासूबाईंनी तीन दिवस बसून एकेक फोड सोलून, बिया काढून ३२ किलो पल्प भरला, अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या, पाटीसारख्या सपाट करून डीप फ्रीझरमध्ये लावलेल्या. फ्रोझन मालाला उणे १८ किंवा त्याच्या खालीच ठेवायचं असतं, आणि इथे मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असते, तुम्हीच विचार करा आम्ही किती जपत असू. याचसाठी फ्रीझरचं तापमान फोनवर दाखवणारा तुमचा सेट घेतला, दोन सेन्सर आणि त्यांचं रीडिंग वायफायवरून तुमच्याकडे पाठवणारा एक हब, ६,२०० रुपये.

पहिला सेन्सर फ्रीझरमध्ये ठेवला तर बॉक्सवर एक वर्ष लिहिलेला सेल तीन आठवड्यात गेला. तुमच्याकडून सांगितलं की थंडीत बटण सेलचं व्होल्टेज पडतं, आणि सेन्सर उणे २० पर्यंतच आहे, तर वायरवाला घ्या, म्हणजे वायरचं टोक आत आणि सेलची डबी बाहेर. पटलं, फरकाचे पैसे भरून बदलून घेतला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो सेन्सर दोन महिने चांगला चालला. फ्रीझर उणे १८ ते उणे २० मध्ये वरखाली होताना दिसायचा, कॉम्प्रेसर चालू झाला बंद झाला की ग्राफची दातेरी रेघ हालायची, आणि मला बरं वाटायचं.

मागच्या महिन्यात नात्यातल्या लग्नाला आम्ही सगळे यवतमाळला गेलो, गुरुवारी निघालो. शुक्रवारी सकाळी आमच्या भागात लाईन गेली-आली, गेली-आली असं चाललं आणि किचनच्या लाईनचा एमसीबी, म्हणजे बोर्डातलं आपोआप बंद होणारं बटण, पडला. बाकी घरात लाईन होती. वायफायचा राउटर हॉलमध्ये, तोही इन्व्हर्टरवर, तो एक मिनिटही बंद झाला नाही. पण फ्रीझर बंद झाला आणि त्याच लाईनवर लावलेला तुमचा हबही बंद झाला, कारण हबमध्ये बॅटरी नाही. हबपासून राउटरचं अंतर कमी ठेवा असं तुमच्या पुस्तिकेत आहे, सेन्सरपासूनही जवळ ठेवा असंही आहे, त्यामुळे किचन सोडून दुसरी जागा मला नव्हतीच.

आता मुख्य गोष्ट. मी शुक्रवारी रात्री मांडवात बसून अ‍ॅप उघडलं, उणे १८.४. शनिवारी दुपारी जेवणाच्या पंगतीआधी परत उघडलं, उणे १८.४. हिरवा गोल, बरोबरची खूण. मी निश्चिंत होऊन फोन पर्समध्ये ठेवला. हा आकडा शुक्रवारी सकाळी ६:३८ चा होता हे त्या पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. नंतर शोधलं तर सेटिंगमध्ये जाऊन, डिव्हाइसमध्ये जाऊन, हबच्या नावासमोर एक छोटा राखाडी ठिपका सापडला, त्याचा अर्थ ऑफलाइन. तो ठिपका बघायला कोण जाईल, आणि कशासाठी जाईल, जेव्हा पहिल्याच पानावर हिरवा गोल दिसून राहिला आहे?

शनिवारी संध्याकाळी शेजारच्या काकू तुळशीला पाणी घालायला आल्या, किचनमध्ये लाईट लागेना म्हणून त्यांनी बोर्ड उघडून बटण वर केलं. आणि ७:४१ ला मला यवतमाळला अलर्ट आला, "तापमान जास्त, ९.६ डिग्री". ३७ तासांनी. अलर्ट आला तेव्हा फ्रीझर परत सुरू झालेला होता, म्हणजे अलर्टची गरज संपल्यावर अलर्ट आला. काकूंचं दार आमच्या दारापासून दहा पावलांवर आहे. शुक्रवारी सकाळी मला नुसतं एवढं कळलं असतं की "तुमच्या हबशी संपर्क नाही", तर मी एक फोन केला असता आणि सगळं वाचलं असतं.

रविवारी दुपारी घरी आल्याबरोबर फ्रीझर उघडला. पिशव्या परत कडक झाल्या होत्या पण सपाट राहिल्या नव्हत्या, सगळ्यांना पोट आलेलं, खाली ओघळलेल्या आणि बास्केटच्या जाळीचे चौकोन त्यांच्यावर उमटलेले, पाणी एका बाजूला आणि गर एका बाजूला. सांबारवडीचं आवरण उकलून सारण बाहेर. सासूबाई फ्रीझरच्या कोपऱ्यात स्टीलच्या वाटीत पाणी गोठवून त्याच्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून देतात, कुणाकडून तरी ऐकलेलं, बर्फ वितळला की नाणं बुडतं आणि परत गोठलं तरी खालीच राहतं. त्यांनी वाटी बाहेर काढली, उलटी करून धरली, नाणं तळाला चिकटलेलं दिसलं. काही बोलल्या नाहीत, वाटी ओट्यावर ठेवली आणि पिशव्या बाहेर काढायला लागल्या. तीन दिवस त्यांचीही बोटं संत्र्याच्या आंबटाने सोलपटली होती.

सगळा माल फेकला. एकदा वितळून परत गोठलेला माल मी विकत नाही, लोकांच्या घरात लहान मुलं खातात.

तुमच्याकडून मला काय उत्तर मिळालं ते आता सांगते. पहिले म्हणाले की अलर्ट रीडिंग आल्यावर एका मिनिटात गेलेला आहे, सिस्टीम बरोबर चालली. मग दुसरे म्हणाले की डीफ्रॉस्ट सायकलमध्ये तापमान थोडा वेळ वाढतंच, आतला माल खराब झाला असं होत नाही. सर, हा झाकण वर उघडणारा डीप फ्रीझर आहे, त्याच्यात आपोआप डीफ्रॉस्ट होतच नाही, बर्फ मी स्वतः बंद करून काढते. तिसऱ्यांनी ग्राफ पाठवला, की बघा तापमान हळूहळू वाढलं आहे. तो ग्राफ मी तुम्हाला परत जोडून पाठवते, नीट बघा. शुक्रवार ६:३८ पासून शनिवार ७:४१ पर्यंत पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ आहे. चालू फ्रीझर असा चालत नाही आणि बंद फ्रीझर असा तापत नाही, बर्फ वितळताना काटा शून्याच्या आसपास कितीतरी तास थांबतो. तुमच्याकडे मधलं एकही रीडिंग नव्हतं, तर दोन टोकं जोडून अ‍ॅपने रेघ ओढून दिली, आणि तीच तुम्ही मला पुरावा म्हणून दाखवून राहिले.

हबची लाईन गेली ही तुमची चूक नाही, हे मी मान्य करते. पण हब तुमच्या सर्व्हरशी सारखा बोलत असतो, तो बोलायचा थांबला हे तुमच्या सर्व्हरला त्याच दिवशी सकाळी कळलं असणार, म्हणून तर तो राखाडी ठिपका आला. माझा फोन चालू होता, इंटरनेट चालू होतं. फक्त मला सांगितलं नाही. लाईन जाणं हेच तर फ्रीझर बंद पडायचं मोठं कारण आहे, तेव्हाच गप्प बसणारी वस्तू फ्रीझरसाठी म्हणून कशी विकता?

माझ्या भावाचं मेडिकल स्टोअर आहे. त्याच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन असतं, २ ते ८ डिग्रीमध्येच ठेवावं लागतं, आणि तो माझं ऐकून तुमचे चार सेन्सर घेणार होता. मी थांबवलं. माझा पल्प बिघडला हे मला डोळ्यांनी दिसलं. उष्णतेने बिघडलेलं इन्सुलिन बाटलीकडे बघून ओळखू येईलच असं नाही, ते पेशंटच्या शरीरात जाऊन कळेल. हे वाक्य तुमच्या इंजिनिअर लोकांपर्यंत पोचवा, बाकीचं पत्र नाही पोचलं तरी चालेल.

मला ६,२०० रुपये परत हवे आहेत आणि मालाचे १४,५०० रुपये, पल्प आणि वडीच्या ४५ पाकिटांचा हिशोब सोबत लावला आहे, आमच्या मेहनतीचे त्यात धरलेले नाहीत. आणि अ‍ॅपमध्ये आकड्याच्या खाली तो कधीचा आहे ती वेळ टाका, अर्धा तास रीडिंग नाही आलं तर हिरवा गोल काढून फोनवर अलर्ट पाठवा, रीडिंग नसेल तिथे ग्राफ तुटलेला दाखवा. हबमध्ये बॅटरी बसवायला वेळ लागेल हे समजते, तोपर्यंत निदान बॉक्सवर स्पष्ट लिहा की लाईन गेली की हे काम करत नाही.

पंधरा दिवस वाट बघते. त्यानंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे इथल्या जिल्हा आयोगाकडे अर्ज करीन. बिल, तुमचे मेसेज, ग्राफ, पिशव्यांचे आणि वाटीचे फोटो जोडले आहेत. वाटी अजून फ्रीझरमध्ये तशीच ठेवली आहे, तुमचा माणूस बघायला येणार असेल तर आदल्या दिवशी फोन करून या.

तुमची ग्राहक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर